दिल्लीच्या परिषदेत जेवावे कोठे?

परिषदेला निघालेल्या माणसाच्या सामानात काय काय असते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. निमंत्रणपत्र असते, कार्यक्रमपत्रिका असते, वाचावयाचा निबंध असतो आणि घरच्यांनी आठवणीने घातलेला चिवड्याचा डबाही असतो. पहिल्या तीन वस्तूंचा उपयोग ठरलेला आहे. चौथीचा उपयोग असा, की त्या शहराशी होणारा आपला परिचय जितका लांबविता येईल तितका ती लांबविते.

शासकीय सेवेतील माणसाला दिल्लीची वारी चुकत नाही. माझी पहिली वारी मला चांगली आठवते. तीन दिवस मी परिषदेच्या मंडपातच जेवलो, रात्री निवासस्थानी परतून डब्यातील चिवडा खाल्ला, आणि चौथ्या दिवशी गाडीत बसलो. घरी पोहोचल्यावर आईने विचारले, "कशी आहे रे दिल्ली?" पुष्कळ विचार करून मी म्हणालो, "पनीर बरे होते." ते उत्तर मला पुढे बरेच दिवस बोचत राहिले. म्हणून आजचे हे भाषण त्या तरुण प्रतिनिधीसाठी आहे. पुढील महिन्यात तो दिल्लीच्या एखाद्या परिषदेला जाणार असेल आणि त्याच्याजवळ मोजके दिवस, मोजका भत्ता व मोजका भोजनावकाश असेल.

दिल्लीची परिषद ही मराठी माणसाला काही परकी गोष्ट नाही. १९५४ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली ३७ वे मराठी साहित्य संमेलन दिल्लीत भरले. त्यानंतर एकाहत्तर वर्षांनी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, ९८ वे संमेलन डॉ. तारा भवाळकर यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा तेथेच झाले. त्याचे उद्घाटन विज्ञान भवनात आणि पुढील कार्यक्रम तालकटोरा स्टेडियममध्ये झाले. अशा मेळाव्यांना गेलेली माणसे भाषणे कालांतराने विसरतात. पण कोणाबरोबर कोठे जेवलो, हे सहसा विसरत नाहीत.

जागा निवडण्याचा पहिला नियम घड्याळाचा आहे. दुपारचे जेवण जवळ असावे, रात्रीचे दूर असले तरी चालेल. दुपारी आपल्याजवळ तासभर असतो आणि त्यानंतर पुन्हा सभागृहात जागे राहावयाचे असते. तेव्हा छोले-भटुऱ्यांचा मोह दुपारी टाळावा. मंडी हाऊसजवळच्या बंगाली मार्केटात किंवा पहाडगंजात ते उत्तम मिळतात, परंतु टम्म फुगलेले दोन भटुरे पोटात गेल्यावर दुपारच्या सत्रातील वक्त्याला न्याय देणे कोणालाही शक्य नाही. त्यांना सुटीची सकाळ द्यावी.

मग दुपारी जावे कोठे? दिल्लीजवळ यासाठी एक सोय आहे, आणि ती राजधानीलाच शोभणारी आहे. निरनिराळ्या राज्यांनी आपल्या पाहुण्यांसाठी व अधिकाऱ्यांसाठी तेथे भवने बांधली आहेत. त्यांपैकी काहींच्या उपाहारगृहांत बाहेरच्या माणसालाही ताट मिळते. अशोक मार्गावरील आंध्र भवन यांत सर्वांत प्रसिद्ध आहे. आधी पैसे भरून कूपन घ्यावयाचे, जागा रिकामी होईपर्यंत थांबावयाचे, आणि जागा मिळाली की जो शेजारी येईल त्याच्याबरोबर बसावयाचे. बसताक्षणी ताट येते. वरण, भाजी, सांबार, रसम्, पापड, दही आणि मागाल तितका भात. टेबलावर कोरड्या चटणीची पूड ठेवलेली असते. गरम भातावर ती घालून वर तूप ओतावे. विदर्भातून आलेल्या माणसालाही तिखटाच्या बाबतीत येथे उणे वाटणार नाही. मंत्रालयातील सचिव, विद्यापीठातील मुले, खटल्यासाठी आलेले वकील हे सारे एकाच रांगेत कूपन हातात घेऊन उभे असतात. दिल्लीत हे दृश्य इतरत्र सहजासहजी दिसत नाही.

येथे कोणी विचारील, की मग आपले महाराष्ट्र सदन काय वाईट? मुळीच नाही. कोपर्निकस मार्गावर जुने सदन आहे आणि २०१३ पासून कस्तुरबा गांधी मार्गावर नवे सदनही उभे आहे. तिसऱ्या दिवशी भाकरी-पिठल्याची आठवण अनावर झाली, तर तेथे अवश्य जावे. पण पहिल्याच दुपारी तेथे जाणे म्हणजे काशीला जाऊन घरच्या आडाच्या पाण्याने आंघोळ करण्यासारखे आहे. सर्वच भवनांच्या वेळा ठरलेल्या असतात आणि सर्वांचीच दारे बाहेरच्यांना उघडी नसतात. म्हणून निघण्यापूर्वी दूरध्वनीवरून चौकशी करावी.

आता संध्याकाळ. सत्र संपल्यावर चहाची नव्हे तर कॉफीची तल्लफ आली, तर कॅनॉट प्लेसकडे वळावे. रॉबर्ट टॉर रसेल या वास्तुतज्ज्ञाने आखलेली ही वर्तुळाकार बाजारपेठ १९२९ ते १९३३ या काळात बांधली गेली. त्या काळच्या साहेबी दिल्लीची चव वेंगर्सच्या पावरोटी-केकमध्ये आणि १९४२ साली सुरू झालेल्या युनायटेड कॉफी हाऊसमध्ये अजून राहिली आहे. ती खिशाला जड वाटली, तर बाबा खडकसिंग मार्गावरील मोहनसिंग प्लेसच्या इमारतीत वरच्या मजल्यावर इंडियन कॉफी हाऊस आहे. कॉफी मंडळाची कॉफीगृहे बंद होऊ लागली, तेव्हा १९५७ पासून कामगारांनीच सहकारी संस्था काढून ती चालविली. त्यांच्यापैकीच हे एक. कॅनॉट प्लेसमधील या मंडळींची जुनी जागा आणीबाणीच्या काळात पाडली गेली. मात्र वाद घालणारे गिऱ्हाईक कॉफीच्या मागोमाग नव्या जागेतही आले. तेथे घाई करणारा मनुष्य परका समजला जातो.

रात्रीच्या जेवणाला मात्र जुनी दिल्ली गाठावी. केंद्रीय सचिवालयाच्या मेट्रो स्थानकावरून पिवळी मार्गिका थेट चांदणी चौकाला नेते, आणि जांभळ्या मार्गिकेवर दिल्ली गेट व जामा मशीद ही स्थानके लागतात. जामा मशिदीच्या दक्षिणेला गली कबाबियांमध्ये करीम हे भोजनगृह १९१३ पासून आहे. राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलविण्याची घोषणा १९११ च्या दरबारात झाली, त्यानंतर दोनच वर्षांनी ते निघाले. सामिष आहार करणाऱ्याने तेथील कोर्मा खावा. आणि पहाटे उठण्याची तयारी असेल, तर या भागात कोठेही निहारी खावी. रात्रभर मंद आचेवर शिजलेले हे मांस मुळात सकाळच्या न्याहारीचे. 'नहार' म्हणजे सकाळ, त्यावरून निहारी. आपली 'न्याहारी'ही त्याच कुळातली. शाकाहारी माणसाने चांदणी चौकातील पराठेवाल्यांच्या गल्लीत शिरावे. येथील पराठा तव्यावर भाजलेला नसतो, पसरट कढईत तुपात तळलेला असतो. जुन्या रीतीप्रमाणे त्याच्या सारणात कांदा-लसूण पडत नाही, त्यामुळे सोवळ्या पाहुण्याचीही अडचण होत नाही. हिवाळा असेल, तर कोपऱ्यावर पांढऱ्याशुभ्र फेसाचे ताट घेऊन उभा असलेला विक्रेता शोधावा. दुधाच्या फेसाच्या त्या पदार्थाला 'दौलत की चाट' म्हणतात. तो थंडीतच टिकतो आणि उन्हे चढली की उतरतो.

दिल्ली गेटपासून दर्यागंज जवळ आहे, आणि दर्यागंजाची हकीकत सांगितल्याशिवाय दिल्लीच्या ताटाचा उलगडा होत नाही. १९४७ च्या फाळणीत सर्वस्व मागे टाकून लक्षावधी पंजाबी माणसे या शहरात आली. त्यांच्याबरोबर तंदूर आला. पंजाबातील गावांत अनेक घरांच्या रोट्या एकाच सामाईक तंदुरात भाजल्या जात. विस्थापितांच्या वस्त्यांत ती रीत उपजीविकेचे साधन बनली. पेशावरहून आलेल्या भागीदारांनी १९४७ मध्ये दर्यागंजात मोती महल सुरू केले. तंदुरी कोंबडी, लोणी-टोमॅटोच्या रसातील कोंबडी आणि काळ्या उडदांची दाट डाळ यांची कीर्ती तेथून देशभर पसरली. लोण्यातील कोंबडी प्रथम कोणी केली, यावरून त्या भागीदारांच्या वारसांमध्ये २०२४ साली दिल्ली उच्च न्यायालयात वादही गेला. निकाल काहीही लागो. पण आपण ज्याला 'परिषदेचे ठराविक जेवण' म्हणून नाक मुरडतो, ती डाळ मखनी घर गमावलेल्या माणसांनी नव्या शहरात मांडलेल्या चुलीची आहे, हे एकदा कळले की मंडपातील ताटाकडेही निराळ्या दृष्टीने पाहावेसे वाटते.

श्रोतेहो, आता दुसरा नियम सांगतो, आणि माझ्या मते तो पहिल्याहून महत्त्वाचा आहे. परिषदेत निदान एक जेवण आपल्या राज्याबाहेरच्या माणसाबरोबर घ्यावे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. शिधावाटपाविषयीच्या एका बैठकीसाठी मी दिल्लीस गेलो होतो. प्रश्न असा होता, की कामासाठी परराज्यात गेलेल्या मजुराला त्याच्या गावच्या शिधापत्रिकेवर तेथे धान्य द्यावे की नाही. सकाळच्या सत्रात ओडिशाहून आलेल्या एका अधिकाऱ्यांचे आणि माझे चांगलेच वाजले. हिशेब कोणाच्या वाट्याला लावावयाचा, साठा कोणी राखावयाचा, दुबार उचल कशी रोखावयाची, यावर दोघेही आपापली टिपणे वाचून दाखवीत होतो. दुपारी योगायोगाने आंध्र भवनाच्या रांगेत ते माझ्या पुढेच उभे होते, आणि जागाही समोरासमोर मिळाली. दोघांनाही थोडा संकोच वाटला. मग भातावर तूप घालताना ते सहज म्हणाले, "आमच्या बलांगीरची माणसे याच मुलखात विटा पाडायला येतात. असा भात त्यांना मिळत असेल का हो?" मी त्यांना बीडच्या ऊसतोड कामगारांविषयी सांगितले. दसरा-दिवाळी झाली की ती कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, पत्रिका गावी राहते, आणि पोरांच्या तोंडी घालावयाचे धान्य मात्र बाजारभावाने घ्यावे लागते. टिपणे पिशवीतच राहिली. दुपारच्या सत्रात आमचे मतभेद संपले नव्हते, पण आता आम्ही एकाच माणसाविषयी बोलत होतो.

पुढे ऑगस्ट २०१९ मध्ये आंध्र प्रदेश व तेलंगण आणि महाराष्ट्र व गुजरात या जोड्यांपासून परराज्यात शिधा उचलण्याची सोय सुरू झाली. जून २०२२ पर्यंत ती सर्व राज्यांत पोहोचली. आमच्या त्या जेवणामुळे हे घडले, असे म्हणण्याचा वेडेपणा मी करणार नाही. अशी कामे पुष्कळ हातांची असतात. पण 'परगावी जेवावे कोठे' हा प्रश्न आपल्यासारख्यांना आवडीनिवडीचा असला, तरी या देशातील असंख्य माणसांना तो जगण्याचा आहे, हे मला त्या ताटावर कळले. ते सकाळच्या सत्रात कळले नव्हते.

काही व्यावहारिक सूचना देऊन आटोपते घेतो. उन्हाळ्यात बंद बाटलीतील पाणी जवळ ठेवावे आणि कापून ठेवलेली फळे टाळावी. रमजानच्या महिन्यात जामा मशिदीच्या परिसरात सूर्यास्तानंतर जावे, त्या वेळी तेथील रौनक पाहण्यासारखी असते. एकाच संध्याकाळी अनेक राज्यांची चव हवी असेल, तर १९९४ साली सुरू झालेली आयएनए भागातील दिल्ली हाट सोयीची आहे. थोडे प्रवेशशुल्क पडते, पण स्थानक समोरच आहे. आणि भत्ता संपला, तरी चिंता करू नये.

कारण कॅनॉट प्लेसच्या जवळच गुरुद्वारा बंगला साहिब आहे. मुळात हा राजा जयसिंगांचा बंगला. १६६४ साली शिखांचे आठवे गुरू हरकिशन यांचा येथे मुक्काम होता. आज तेथील लंगरमध्ये कोणालाही, काहीही न विचारता जेवण मिळते. पादत्राणे बाहेर ठेवावी, डोके रुमालाने झाकावे आणि पंगतीत मांडी घालून बसावे. रोटी वाढावयास येईल तेव्हा दोन्ही हात पुढे करावे, कारण ती तशीच घेण्याची तेथील रीत आहे. जेवण झाल्यावर वेळ असेल, तर आत जाऊन चार रोट्या लाटू लागाव्या. कोणी नको म्हणत नाही.

पहिल्या वारीत मी हे केले असते, तर आईच्या प्रश्नाला मला बरे उत्तर देता आले असते. आपण जाल तेव्हा चिवड्याचा डबा अवश्य न्यावा. फक्त तो एकट्याने खोलीत बसून संपवू नये. शेजारच्या खोलीत मणिपूरचा किंवा मदुराईचा कोणी प्रतिनिधी उतरलेला असेल. त्याच्या दारावर टकटक करावी आणि डबा त्याच्यापुढे धरावा.