दुर्मीळ होत चाललेला गुग्गुळ व आपले कर्तव्य

आमवात, मेदोरोग व वातव्याधी यांच्या चिकित्सेत गुग्गुळकल्पांवाचून आपले पान हलत नाही. योगराज, कैशोर, त्रयोदशांग, कांचनार हे कल्प पिंप्राळ्यातील लहानशा औषधालयापासून मोठ्या फार्मसीपर्यंत सर्वत्र नित्य व्यवहारात आहेत. परंतु ज्या झुडपाच्या निर्यासावर ते उभे आहेत, त्याच्या रानातील अवस्थेचा विचार आपण क्वचितच करतो.

गुग्गुळाच्या या झुडपास (कॉमिफोरा वायटी) आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने २०१५ साली आपल्या लाल यादीत 'अतिसंकटग्रस्त' ठरविले. वन्य अवस्थेतून नामशेष होण्यापूर्वीचा हा शेवटचा वर्ग होय. राजस्थान व कच्छ ही या वनस्पतीची मुख्य भूमी. तथापि जुन्या वनस्पतिग्रंथांत खानदेश व वऱ्हाड यांचाही उल्लेख आढळतो. हा प्रश्न केवळ परप्रांताचा नव्हे.

ऱ्हासाचे कारण स्पष्ट आहे. झुडूप निर्यास देण्याजोगे होण्यास सुमारे ८ ते १० वर्षे लागतात. जाणता संग्राहक सालीवर उथळ छेद देऊन थोडा निर्यास घेतो व झाड राखतो. अधिक उत्पन्नाच्या लोभाने खोल घाव घातले वा छेदांत रसायने भरली, की एका हंगामात भरपूर निर्यास मिळतो आणि झाड वाळून जाते. बियांची उगवणशक्तीही अल्प असल्याने गेलेल्या झाडाची जागा सहजी भरून निघत नाही.

तुटवडा आला की भेसळ येतेच. आपल्या सातपुड्यात विपुल असलेल्या सालईचा डिंक 'सालई गुग्गुळ' या नावाने बाजारात येतो. सल्लकी हे स्वतंत्र गुणांचे उत्तम द्रव्य आहे. परंतु योगराजात ते गुग्गुळाचे स्थान घेऊ शकत नाही. असा कल्प दिल्यास रुग्णास अपेक्षित गुण येत नाही आणि दोष मात्र शास्त्रास लागतो.

यास्तव औषधनिर्मात्यांस आमची विनंती आहे, की कच्चा माल घेताना तो कोठला, रानातला की लागवडीचा, हे विचारून त्याची नोंद ठेवावी. शोधनापूर्वी द्रव्यपरीक्षा करावी आणि भाव अधिक पडला तरी लागवडीच्या मालास प्राधान्य द्यावे. २००० साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाने लागवडीसाठी अग्रक्रम दिलेल्या वनस्पतींत गुग्गुळाचा समावेश केला आहे. फांदीच्या कलमांपासून त्याची लागवड होते. पाणी धरून ठेवणारी तापीकाठची काळी जमीन त्यास मानवत नाही. मुरमाड, निचऱ्याची, पडीक जमीन मानवते, आणि तशी जमीन खानदेशात डोंगरपायथ्याशी पुष्कळ आहे.

वैद्यबंधूंनीही जेथे अन्य द्रव्याने कार्यसिद्धी होते, तेथे केवळ सवयीने गुग्गुळकल्प लिहू नयेत. आज लावलेले कलम दहा वर्षांनी निर्यास देईल. म्हणून लागवडीचा विचार येत्या पावसाळ्यापूर्वीच व्हावा.