एकवीस कोटींचं युरेनियम

मे 2021 मध्ये महाराष्ट्र एटीएसने सात किलोंहून अधिक युरेनियम जप्त केलं. ठाण्यातला एक आणि मानखुर्दचा एक, असे दोघे पकडले गेले. किंमत सांगितली गेली 21 कोटी. वाशी खाडीच्या पलीकडेच मानखुर्द, त्यामुळे नवी मुंबईतही ‘आता बॉम्बच!’ अशी कुजबुज सुरू झाली.

ती फुकाची होती. भाभा अणुसंशोधन केंद्राने हे युरेनियम नैसर्गिक असल्याचं सांगितलं. त्यात स्फोटाला लागणारं युरेनियम-235 शेकड्याला जेमतेम 0.7. म्हणजे सात किलोंत पन्नासेक ग्रॅम. एका बॉम्बसाठी असं 25 किलो लागतं, असा आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा हिशेब आहे, आणि तेही वेगळं काढून. एकवीस कोटींचं म्हणाल तर त्या वेळच्या जागतिक भावाने हा माल पन्नास हजारांच्याही आतला. काळ्या बाजारात गिऱ्हाइकापेक्षा अफवाच मोठी असते.

मग धोका कुठे आहे? जिथे हिशेब ठेवणारं कुणी उरत नाही, तिथे. जॉर्जियापासून फुटलेल्या अबखाझियातल्या सुखुमीच्या संशोधन संस्थेत समृद्ध, म्हणजे युरेनियम-235चं प्रमाण वाढवलेलं, युरेनियम होतं, अर्ध्या किलोहून जास्त. 1992-93च्या युद्धानंतर जवळजवळ साऱ्या जगाने मान्यता न दिलेल्या या मुलखात वर्षानुवर्षे तपासणी झाली नाही. 1997मध्ये रशियन पथक पोचलं, तेव्हा माल गायब होता. आजतागायत त्याचा पत्ता नाही.

इथे भारतात राज्य आहे, नियामक मंडळ आहे, नोंदी आहेत. तरी निष्काळजीपणा शिरतोच. दिल्ली विद्यापीठात 1985पासून पडून असलेलं कोबाल्ट-60चं उपकरण 2010मध्ये लिलावात निघालं, मायापुरीच्या भंगार बाजारात फोडलं गेलं आणि एक माणूस दगावला. कोबाल्टने बॉम्ब होत नाही, पण माणूस मात्र मरतो.

हाच कोबाल्ट 2000 सालापासून वाशीत मसाल्यांमधले जंतू मारतो. ‘ब्रिट’ या सरकारी संस्थेच्या तिथल्या केंद्रातून आलेली मिरची किरणोत्सारी होते, हाही एक गैरसमज. कोबाल्टचे गॅमा किरण जंतू मारून निघून जातात, मागे काही ठेवत नाहीत. तिथला कोबाल्ट जाड भिंतींआड असतो आणि त्याची नोंद असते.

तुर्भे-तळोज्याच्या भंगारवाल्यांना एकच सांगणं: तीन पात्यांच्या पंख्यासारखं चिन्ह असलेला शिशाचा जड डबा मालात दिसला, तर फोडू नका, हात लावू नका. दूर व्हा आणि 112 वर फोन करा.