पोरींची परेड कोण घेणार?

पंधरा ऑगस्टला शाळेच्या मैदानावर खाकीतल्या मुली 'तेज चल' करत झेंड्यासमोरून जातात, तेव्हा सगळ्यांच्या माना वळतात. आया मोबाईलवर फोटो काढतात, पाहुणे टाळ्या वाजवतात. रांगेच्या बाहेर, एका कडेला, तशाच खाकीत एक बाई उभी असते. तिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष नसतं. गेलंच तर "या पोलिसात आहेत का?" अशी कुजबुज! सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी बरीच वर्षं ती कडेची बाई मी होते.

एनसीसी आपल्याला माहीत असते ती खाकी कपडे आणि लाल तुऱ्याच्या टोपीपुरती. १९४८ च्या कायद्याने ती सुरू झाली आणि १९४९ पासून मुलींनाही घ्यायला लागले. पण शाळेतली एनसीसी चालवतं कोण, हे कधी मनात येतं का? सैन्याच्या बटालियनमधून हवालदार, सुभेदार येतात. ड्रिल शिकवतात, रायफल हातात देतात आणि निघून जातात. एरवीचं सगळं शाळेतल्या एखाद्या शिक्षिकेच्या गळ्यात. तिला म्हणायचं असोसिएट एनसीसी ऑफिसर, थोडक्यात एएनओ. वर्गावरचे तास, पेपर तपासणं, पालकसभा यातलं काहीही कमी होत नाही. त्यावर हे शिवाय. मुलींची हजेरी, कपड्यांचा हिशोब, पालकांची संमतीपत्रं, डॉक्टरांचे दाखले, कॅम्पची गाडी. परेडनंतरच्या अल्पाहाराचे पैसे मागाहून यायचे, तोवर समोसेवाल्याची उधारी माझ्या नावावर. मानधन मिळतं, पण त्याचा हिशोब न मांडलेलाच बरा.

शाळेतल्या एएनओची पहिली रँक 'थर्ड ऑफिसर'. ती मिळाल्याचं मी मोठ्या आनंदाने घरी सांगितलं, तर आमचे हे म्हणाले, "म्हणजे शेवटून पहिली का?" कॉलेजातल्या प्राध्यापिकेला मात्र सुरुवातीलाच लेफ्टनंट म्हणतात!

आमचा जिल्हा सैनिकांचा. अपशिंगे मिलिटरी हे गाव तर नावातच मिलिटरी घेऊन बसलंय. त्यामुळे एनसीसीला पालकांचा विरोध होणार नाही अशी माझी समजूत होती. पण मुलगा आणि मुलगी यांत फरक असतो ना! सैन्यातून पेन्शनीवर आलेले एक वडील पोरीचा फॉर्म परत घेऊन आले. म्हणाले, "बाई, पोरगी उनात काळी पडंल. उद्या सोयरीक कोण करंल?" मी म्हटलं, "तुम्ही राजस्थानच्या वाळूत पंधरा वर्षं उन्हं खाल्लीत, तुमची झालीच की सोयरीक!" हसले आणि सही करून गेले. दुसरी भीती अशी, की एनसीसीत नाव घातलं म्हणजे पोरीला फौजेत ओढून नेतील. तसं काहीही नाही. कॅडेटवर सैन्यात जायचं बंधन नाही, हे कायद्यातच आहे. हे मी दर जूनमध्ये नव्याने सांगायचे.

ड्रिलचं एक सांगते. घरात मुलीला लहानपणापासून "हळू बोल" म्हणून दटावलेलं असतं. परेडवर तिला हुकूम द्यायला पुढे काढलं की घशातून आवाजच येत नाही. 'सावधान' म्हणताना मान खाली! आमच्या ट्रूपमध्ये एक मुलगी होती. आठवीचं वर्ष संपेपर्यंत वर्गात तिचा आवाज मी ऐकला नव्हता. हवालदारसाहेब तिला मैदानाच्या एका टोकाला उभं करायचे, स्वतः दुसऱ्या टोकाला जायचे आणि म्हणायचे, "बेटा, पेट से आवाज निकालो, मुझे सुनाई नहीं दिया." महिनाभर हेच चाललं होतं. एके दिवशी तिचं 'थम' असं काही घुमलं, की रस्त्यावरचा उसाचा ट्रॅक्टरवाला थांबून बघायला लागला. ती काही सैन्यात गेली नाही. आज शिरवळला एका कारखान्यात पुरुष कामगारांची शिफ्ट सांभाळते. आवाज तोच!

पण खरी कसोटी म्हणजे दहा दिवसांचा वार्षिक कॅम्प. पहिल्या रात्री निम्म्या मुली रडतात, कारण आईशिवाय कधी झोपलेल्याच नसतात. कुणाला पुरीभाजीने पोटदुखी, कुणाचे बूट चावलेले, कुणाला पहाटेच्या गार पाण्याची धास्ती. रात्री दोनला टॉर्च घेऊन डोकी मोजायची, एखादं कमी भरलं की काळजात धस्स! (ते बहुतेक वेळा शेजारच्या पांघरुणात सापडायचं.) एका मुलीची पहिली पाळी कॅम्पमध्येच आली. घाबरून ती पहाटेपर्यंत संडासाच्या भिंतीला टेकून उभी होती. मी पॅडची पाकिटं नेहमी जवळ बाळगायचे. तिला समजावलं, गरम पाणी दिलं, त्या दिवशीच्या धावण्यातून सुट्टी दिली. रायफल कशी धरायची ते हवालदारसाहेब सांगतील हो, पण हे कोण सांगणार? म्हणूनच मुलींच्या तुकडीबरोबर बाईमाणूस लागतं. आणि घोडं नेमकं तिथंच अडतं.

एएनओ व्हायचं तर आधी ट्रेनिंग. पुरुषांचं आपल्या नागपूरजवळ कामठीला आणि बायकांचं थेट ग्वाल्हेरला. तेही दोन-चार दिवसांचं नव्हे. मी २००५ मध्ये गेले तेव्हा मुलगा चौथीत होता आणि धाकटी बालवाडीत. साताऱ्याहून गोवा एक्स्प्रेसमध्ये बसले ती रडतच. तिथे पंजाबच्या, केरळच्या, मणिपूरच्या शिक्षिका, सगळ्या माझ्यासारख्याच घरी पोरं ठेवून आलेल्या. पस्तिशीत पहिल्यांदा पॅन्ट घालून पट्टा आवळला आणि 'दाहिने मुड'ला डावीकडे वळले! इकडे सासूबाई शेजारणींना अभिमानाने सांगायच्या, "सून सरकारी ट्रेनिंगला गेलीय." पॅन्टचं तेवढं गाळायच्या. पोरांच्या वेण्या-डबे त्यांनी सांभाळले म्हणून मी जाऊ शकले, नाहीतर आमच्या शाळेत मुलींची एनसीसी टिकलीच नसती.

इतक्या वर्षांत बाहेरचं जग केवढं पुढे गेलं बघा. आपल्याच जिल्ह्याचे कर्नल संतोष महाडिक २०१५ मध्ये काश्मीरमध्ये शहीद झाले आणि २०१७ मध्ये त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक लेफ्टनंट झाल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशाने एनडीएची परीक्षा मुलींना खुली झाली, आणि ३० मे २०२५ ला खडकवासल्याहून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. त्याच वर्षी दिल्लीच्या प्रजासत्ताक दिन शिबिरातल्या २३६१ कॅडेट्सपैकी ९१७ मुली होत्या. आठवीतल्या पोरी आता मला विचारतात, "मॅडम, एनडीएचा फॉर्म कधी निघतो?" आणि आमच्याकडे त्यांची परेड घ्यायला बाई नाही!

मी दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. तेव्हापासून एक सर 'केअरटेकर' म्हणून सांभाळताहेत. माणूस मनापासून करतो, पण ट्रेनिंग नाही आणि मुलींना घेऊन कॅम्पला जायचं म्हटलं की प्रत्येक वेळी कुणातरी बाईंना गळ घालावी लागते. असं फार दिवस चाललं तर ट्रूप जाऊ शकतो, वाट बघणाऱ्या शाळा काय कमी आहेत? शाळेत नाव सुचवा म्हटल्यावर चार शिक्षिकांपैकी तिघींनी नकार दिला. एकीचे सासरे अंथरुणाला खिळलेले, एकीचं स्वतःचं गुडघ्याचं दुखणं, तिसरीच्या घरी नुसतं "बघू" म्हणाले. दोष कुणाला देऊ? नवऱ्याला ट्रेनिंग लागलं तर घरचे बॅग भरायला घेतात आणि बायकोला लागलं तर बैठक बसते.

चौथी, विज्ञान शिकवणारी. स्वतः कॉलेजात 'सी' सर्टिफिकेट मिळवलेली, त्यामुळे एका पायावर तयार. पण पोरगा चार वर्षांचा. एका रविवारी मी तिच्या घरी गेले, थेट तिच्या सासूबाईंकडे. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. मग त्यांनी विचारलं, "तिथं भाकरी मिळती का?" म्हटलं, "भाकरी नाही, चपाती मिळते. पोटभर." "आणि बाप्यांच्यात राहायचं का?" "नाही हो, सगळ्या बायकाच." बराच वेळ गप्प बसल्या. मी सांगितलं, नातवाला बालवाडीतून आणायचं आणि संध्याकाळपर्यंत सांभाळायचं माझ्याकडे लागलं, मी आता रिकामीच आहे. मुलाचे बाबा मधेच म्हणाले, "सकाळचा डबा मी करीन." सासूबाईंनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं, की मलाच हसू आवरेना!

तिचं नाव गेलंय. कोर्सची तारीख यायची आहे. सासूबाईंनी एकच अट घातली, दिवाळीत जायचं नाही. ते माझ्या काय, कुणाच्याच हातात नाही, तसं मी स्पष्ट सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, "मग ग्वाल्हेरला फराळ पाठवता येतो का, तेवढं आत्ताच विचारून ठेवा."