मितभाषी चित्रपट आणि एकाकी शेतकरी : ‘गाभ्रीचा पाऊस’

‘नॉयर’ हा चित्रपटप्रकार सामान्यतः महानगरी मानला जातो. रात्र, गुन्हा, मोहात पाडणारी स्त्री आणि आधीच हरलेला नायक ही त्याची परिचित लक्षणे होत. फिनलंडचे दिग्दर्शक आकी काउरिस्मॅकी यांनी २००६ सालच्या ‘लाइट्स इन द डस्क’मध्ये ही सर्व सामग्री घेतली आणि तिच्यातील थरार तेवढा वगळला. हेलसिंकीतील रात्रपाळीचा पहारेकरी कोइस्टिनेन एका टोळीच्या जाळ्यात सापडतो व दुसऱ्यांच्या चोरीपायी तुरुंगात जातो; तरी बोलतो जेमतेम. हा चित्रपट त्यांच्या चित्रत्रयीतील तिसरा; बेकारी व बेघरपणानंतर एकाकीपण हा तिचा तिसरा विषय. त्रयीतील आधीच्या ‘द मॅन विदाउट अ पास्ट’ला २००२ मध्ये कान महोत्सवात ग्रां प्री मिळाले असल्याने या चित्रपटाची त्याच्याशी तुलना होणे अटळ होते.

अशा मितभाषी, एकाकी नायकाच्या कुळातील मराठी चित्रपट शोधायचा तर कापसाच्या शेतात जावे लागते. सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ २००९ साली रॉटरडॅमच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात दाखवला गेला. त्याच्या निर्मितीस त्या महोत्सवाच्या ह्यूबर्ट बाल्स निधीचे साहाय्य लाभले होते. पार्श्वभूमी विदर्भाची. त्या कापूसपट्ट्यात यवतमाळ जिल्ह्याचे नाव अग्रभागी येते, आणि ते दुःखाच्या कारणाने. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणच्या शेतकरी कुटुंबाने १९ मार्च १९८६ रोजी केलेला सामूहिक देहत्याग ही राज्यातील अशी पहिली जाहीर नोंद मानली जाते.

चित्रपटाची कल्पना विलक्षण साधी आहे. शेजारच्या शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर अलकाला आपल्या नवऱ्याची, किस्नाची, धास्ती वाटू लागते. ती त्याच्यावर आपल्या लहानग्या मुलाची, दिनूची, नजर ठेवते, सासूलाही सावध करते, घरात गोडधोड रांधते. किस्ना मात्र बियाणे, पाऊस आणि दुबार पेरणी यांच्याच विवंचनेत असतो. गिरीश कुलकर्णी, सोनाली कुलकर्णी व ज्योती सुभाष यांचा अभिनय या पहाऱ्यातील विनोद आणि भीती एकाच वेळी तोलून धरतो. माझ्या मते चित्रपटाचे खरे सामर्थ्य येथेच आहे. कोइस्टिनेनकडे कोणी पाहत नाही, म्हणून तो एकटा. किस्नावर अख्ख्या घराचे डोळे रोखलेले, तरीही तो एकटाच. नॉयरमधील कारस्थानी टोळीची जागा येथे आभाळाने आणि कर्जाने घेतली आहे, आणि त्यांना तुरुंगात टाकता येत नाही.

समीक्षेच्या दृष्टीने ‘गाभ्रीचा पाऊस’चे स्थान समकालीन चित्रपटांशेजारी ठेवल्यास स्पष्ट होते. त्याच वर्षीचा ‘गोष्ट छोटी डोंगराएवढी’ आणि २०१० सालचा ‘पीपली लाइव्ह’ हेही शेतकऱ्याच्या संकटाकडेच वळले. ‘पीपली’ने तर वृत्तवाहिन्यांची यथेच्छ खिल्ली उडवली. मनवर यांनी भाषणही टाळले आणि उपहासही. वऱ्हाडी बोलीतील तिरकस विनोदावर त्यांनी काम भागवले. परदेशी प्रेक्षकाला त्या बोलीची धार उपशीर्षकांतून कितपत पोहोचली असेल, ही शंका रास्तच आहे.

अलकाच्या जागी खऱ्या स्त्रिया पुढे रंगमंचावर आल्या. श्याम पेठकर लिखित ‘तेरवं’ या नाटकात शेतकऱ्यांच्या विधवा स्वतः भूमिका करतात. त्यांपैकी वैशाली येडे यांच्या हस्ते जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या ९२व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन झाले.