मोठा जाळ, चिवट मटण

सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागले की काही किलोमीटरवर कुंभारी लागते. विडी कामगार महिलांसाठी बांधलेली दहा हजार घरांची वसाहत याच गावाच्या हद्दीत आहे. २००६ साली ती घरे कामगारांच्या ताब्यात मिळाली. इथल्या बऱ्याच घरांत बाई सुपात पाने आणि तंबाखू घेऊन बसते आणि हजार विड्यांच्या हिशोबाने मजुरी मिळते. हात गुंतलेले असतात, म्हणून चुलीकडे किंवा शेगडीकडे सारखे उठून बघणे परवडत नाही.

अशाच एका घरातल्या आठवीतल्या मुलाने आम्हाला एक प्रश्न विचारला. "सर, रविवारी मटण आणलं की आजी म्हणते, मंद आचेवर ठेवा. आईला घाई असते, ती जाळ मोठा करते. तरी मटण लवकर शिजत नाही. उलट पाणी आटतं आणि खाली लागतं. मोठ्या जाळावर लवकर शिजायला नको का?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या उत्तरात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि घराचा जमाखर्च असे तिन्ही विषय येतात. वर्गात शिकवायला याहून चांगला धडा मिळणे कठीण. चला तर, एकेक टप्पा पाहू.

मटण चिवट का असते?

खाटकाच्या दुकानात उभे राहिले की लोक वेगवेगळे तुकडे मागतात. कुणाला मांडी हवी असते, कुणाला चाप, कुणाला नळी, तर कुणाला पाया. यातले काही तुकडे लवकर शिजतात, काही तासन्‌तास घेतात. जे स्नायू जनावराने जास्त वापरले, म्हणजे पाय, मान, छाती, ते शिजायला जड. कोवळ्या बोकडाचे मटण मऊ, तर वय झालेल्या जनावराचे निबर. हे सगळ्यांना अनुभवाने ठाऊक आहे. आता कारण पाहू.

मांसात मुख्यतः दोन प्रकारची प्रथिने असतात. एक, आकुंचन पावणाऱ्या तंतूंची. दुसरे, त्या तंतूंच्या जुड्या एकत्र बांधून ठेवणाऱ्या आवरणांचे. या दुसऱ्या प्रथिनाचे नाव कोलॅजेन. कातडी, स्नायुबंध आणि बरगड्यांना चिकटलेले पांढरे पडदे यांत ते भरपूर असते.

कोलॅजेनचा रेणू तीन पदर एकमेकांभोवती पिळून केलेल्या दोरासारखा असतो. सोलापूरच्या वाचकांना सुताचा पीळ समजावून सांगायला नको. जितका पीळ घट्ट, तितका दोर मजबूत. जनावराचे वय वाढते तसे शेजारशेजारच्या दोरांमध्ये आडवे रासायनिक सांधे तयार होत जातात आणि हे जाळे अधिकच पक्के होते. निबर मटणाचे रहस्य ते हेच.

उष्णतेने दोन उलट गोष्टी घडतात

मांस तापू लागले की सुमारे ५० अंश सेल्सिअसपासून स्नायूंच्या तंतूंमधली प्रथिने आपला मूळ आकार सोडून गोळा होऊ लागतात. ६० ते ६५ अंशांच्या आसपास कोलॅजेनची आवरणेही आखडतात. ओला कपडा पिळावा तसे आतले पाणी बाहेर पडते. म्हणजे सुरुवातीला शिजवल्याने मांस मऊ होण्याऐवजी अधिकच वातड होते! अर्धवट शिजलेले मटण कच्च्यापेक्षाही जास्त चावावे लागते ते यामुळेच.

मग ते मऊ कधी होते? तापमान ७० अंशांच्या वर गेले की कोलॅजेनच्या दोराचा पीळ हळूहळू उलगडू लागतो. पदर सुटे होतात, पाण्यात विरघळतात आणि त्यांचे जिलेटिन बनते. बांधणारी दोरी सुटली की तंतूंच्या जुड्या आपोआप विलग होतात. मांस हाडापासून सुटते आणि जिलेटिनमुळे रश्श्याला ओशट, गुळगुळीत दाटपणा येतो. पायाचा रस्सा थंड झाल्यावर थिजून खरवसासारखा थरथरतो, ते या जिलेटिनमुळे.

इथे लक्षात ठेवायची गोष्ट ही, की पीळ उलगडण्याला वेळ लागतो. कोलॅजेन किती आहे आणि जनावराचे वय काय, यावर तो वेळ अवलंबून असतो. साधारणपणे ८० अंशांना कित्येक तास, उकळत्या पाण्याच्या तापमानाला दोन-तीन तास आणि प्रेशर कुकरमधल्या सुमारे १२० अंशांना अर्धा-पाऊण तास. म्हणजे वेळ कमी करायचा तर तापमान वाढवायला हवे. आणि नेमके इथेच आईचा मोठा जाळ हरतो.

पाणी ऐकत नाही

उघड्या भांड्यात पाणी उकळू लागले की त्याचे तापमान पुढे वाढत नाही. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, त्यामुळे तिथे पाणी १०० ऐवजी साधारण ९८.५ अंशांनाच उकळते. रस्सा मंद बुडबुडत असो किंवा रटरटत असो, मटणाला मिळणारे तापमान तेच. जास्तीची सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते.

किती जाते, याचे गणित मुलांकडून करून घ्यावे. ३० अंशांचे १ लिटर पाणी १०० अंशांपर्यंत तापवायला सुमारे २९४ किलोज्यूल लागतात. तेच १ लिटर पाणी वाफ करून उडवायला सुमारे २,२६० किलोज्यूल लागतात, म्हणजे साडेसात पटींहून अधिक. १ किलो स्वयंपाकाच्या गॅसमधून सुमारे ४६,००० किलोज्यूल उष्णता मिळते. त्यातली ६० टक्के भांड्यात पोचते असे धरले, तर एक लिटर पाणी आटवण्यात ८० ग्रॅमहून जास्त गॅस खर्च होतो. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. दर रविवारी दोन लिटर पाणी उगाच आटत असेल तर वर्षभरात अर्ध्याहून अधिक सिलिंडर वाफेबरोबर जातो. चार-सहा माणसांच्या कष्टकरी घरात ही रक्कम लहान नाही.

आजीच्या पद्धतीतली दुसरी गोष्टही बघण्यासारखी आहे. पातेल्यावर खोलगट ताट झाकून त्यात पाणी ओततात. आतली वाफ या गार ताटाला लागून पुन्हा पाणी होते आणि रश्श्यात परत पडते. शिवाय ताटातले पाणी गरम होत जाते. रस्सा आटला तर तेच पाणी आत घालायचे. गार पाणी ओतले असते तर तापमान एकदम खाली आले असते आणि तेवढा वेळ पीळ उलगडण्याचे काम मंदावले असते.

मंद आचेची यंत्रे

ही युक्ती जगात अनेकांनी वेगवेगळ्या रीतीने वापरली. १६७९ साली देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने लंडनला घट्ट झाकणाचे एक भांडे तयार केले. वाफ कोंडली की दाब वाढतो आणि पाण्याचा उत्कलनबिंदूही वाढतो. या भांड्यात हाडेसुद्धा मऊ होत. भांडे फुटू नये म्हणून पापँने त्याला सुरक्षा झडप बसवली. आजचा प्रेशर कुकर याच भांड्याचा वंशज.

कोलकात्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० साली उलटी वाट धरली. त्यांच्या 'इकमिक कुकर'मध्ये एकावर एक डबे रचलेले असत आणि खाली थोडे निखारे. सकाळी निखारे घालून कामाला जावे, परतल्यावर जेवण तयार!

अमेरिकेत आयर्विंग नॅक्सन यांना १९४० साली विजेवर चालणाऱ्या मंद आचेच्या भांड्याचे पेटंट मिळाले. लिथुआनियातल्या यहुदी घरांत शब्बाथच्या दिवशी विस्तव पेटवत नसत, म्हणून आदल्या संध्याकाळीच कडधान्यांचे भांडे भट्टीच्या उरलेल्या उष्णतेत ठेवून देत. ही हकिकत त्यांनी आईकडून ऐकली होती. पुढे १९७१ साली हे यंत्र 'क्रॉक-पॉट' या नावाने बाजारात आले आणि घरोघरी पोचले.

तिकडे या भांड्यात गोमांसाच्या बरगड्या शिजवण्याची फार आवड आहे. या बरगड्या मूळच्या धुराच्या भट्टीत, निखाऱ्यांच्या सौम्य उष्णतेवर दिवसभर भाजायच्या. त्या भट्टीवाल्यांना एक कोडे पडत असे. मांसाचे तापमान ६५-७० अंशांपर्यंत चढते आणि मग कित्येक तास जागचे हलत नाही. उत्तर आपल्या माठात आहे. माठाच्या पृष्ठभागावरचे पाणी उडताना आतली उष्णता घेऊन जाते, तसेच भट्टीतल्या मांसावरचे पाणी उडताना मांस गार ठेवते. झाकलेल्या भांड्यात हवा वाफेने भरलेली असते, त्यामुळे पाणी उडत नाही आणि ही अडचण येत नाही.

झाकलेल्या भांड्यात एक उणीव मात्र राहते. खरपूस तांबूस रंग आणि भाजल्याचा वास येत नाही. प्रथिने आणि शर्करा यांच्यातल्या ज्या अभिक्रियेने तो येतो, तिचे वर्णन फ्रान्सच्या लुई कामीय मेयार यांनी १९१२ साली केले. ती १२० अंशांच्या वर वेगाने होते, आणि पाण्यात तेवढे तापमान मिळत नाही. म्हणून तिकडे बरगड्या सात-आठ तास शिजवून झाल्यावर त्यांना आंबटगोड मसाला माखून थोडा वेळ प्रखर आचेवर भाजतात. आपल्याकडे कांदा-खोबरे आधीच भाजून घेतात आणि मटण तेलावर परततात, त्यामागे हेच रसायनशास्त्र आहे. परतल्याने मांसातला रस 'आत कोंडला जातो' असे पुष्कळदा म्हटले जाते, ते मात्र खरे नाही. परतण्याने चव येते, रस अडत नाही.

मग स्वस्त काय?

इथे घाईने निष्कर्ष काढू नये. २०० वॅटचे विजेचे भांडे आठ तास चालले तर १.६ युनिट, म्हणजे ५,७६० किलोज्यूल वीज लागते. दोन किलो रस्सा-मटण ३० अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला मात्र सुमारे ६०० किलोज्यूल पुरतात. बाकीची उष्णता भांड्याच्या अंगातून खोलीत जाते. म्हणजे मंद आच स्वस्त असतेच असे नाही! विजेच्या भांड्याचा फायदा निराळा. त्याकडे बघावे लागत नाही आणि पदार्थ करपत नाही. इंधन वाचवायचे तर प्रेशर कुकर उत्तम, आणि शिटी झाल्यावर आच बारीक करणे आवश्यक. दुसरा उपाय म्हणजे उष्णता बाहेर जाऊच न देणे. उकळते भांडे भुसा, गवत किंवा गोधड्या यांनी घट्ट भरलेल्या पेटीत ठेवले तर ते तासन्‌तास गरम राहते.

एक इशारा

मंद आच आणि कोमट अन्न यांत फरक आहे. ५ ते ६० अंश हा जंतूंच्या वाढीचा टप्पा. मांसातून विषबाधा करणारा एक जिवाणू ४३ अंशांच्या आसपास सर्वांत वेगाने वाढतो, म्हणजे मे महिन्यातल्या सोलापूरच्या दुपारी! त्याचे बीजाणू उकळण्यानेही मरत नाहीत. म्हणून मटणाला आधी सडकून उकळी आणावी, शिजताना तापमान ६० अंशांखाली जाऊ देऊ नये आणि उरलेला रस्सा मोठ्या पातेल्यात रात्रभर तसाच न ठेवता पसरट भांड्यांत लवकर गार करून फ्रिजमध्ये ठेवावा. फ्रिज नसेल तर लागेल तेवढेच करावे. राजमा तर नुसत्या मंद आचेवर कधीच शिजवू नये. त्यातले एक विषारी प्रथिन नष्ट व्हायला भिजवलेले दाणे निदान दहा मिनिटे खळखळून उकळावे लागतात.

वर्गात करून पाहा

१. एका पातेल्यात पाणी उकळा. मंद बुडबुडे येत असताना आणि मोठ्या जाळावर रटरटत असताना प्रयोगशाळेतल्या तापमापीने तापमान नोंदवा. तापमापी तळाला टेकू देऊ नका. दोन्ही नोंदी सारख्या येतात का?

२. सारख्या दोन पातेल्यांत एकेक लिटर पाणी घ्या. एक उघडे, दुसरे झाकून, वर ताटात पाणी ठेवून, सारख्याच बारीक आचेवर अर्धा तास उकळा. कोणात किती पाणी उरले ते मोजा. आटलेल्या पाण्यावरून वाया गेलेली उष्णता काढा.

३. खोक्यात भुसा किंवा जुने कपडे भरून मधे उकळत्या पाण्याचे झाकलेले भांडे ठेवा. दर अर्ध्या तासाने तापमान नोंदवून आलेख काढा. किती वेळाने ते ६० अंशांवर येते? भांडे पूर्ण भरलेले आणि अर्धे भरलेले असे दोनदा करा. मांसाहार न करणाऱ्या मुलांनाही हे तिन्ही प्रयोग करता येतील, कारण त्यांत लागते ते फक्त पाणी.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे परत येऊ. त्याची आजी बरोबर होती. आईची घाईही खोटी नव्हती. उघड्या पातेल्यात मटणाला जे हवे असते ते म्हणजे उकळीचे तापमान आणि वेळ. उकळी येईपर्यंत जाळ मोठा ठेवला तर वेळ वाचतो. त्यानंतर तो मोठा ठेवला तर फक्त पाणी आणि पैसा उडतो. उकळी आली की आच बारीक करावी, वर ताटात पाणी ठेवावे आणि निवांत विड्या वळायला बसावे.

हे सांगितल्यावर तो म्हणाला, "म्हणजे आधी आईचं, मग आजीचं." एवढा नेमका सारांश आम्हालाही सुचला नव्हता. आपल्या वर्गातले आलेख आणि नोंदी आमच्याकडे जरूर पाठवा.