रसिकाचे मत आणि आकड्यांची सत्ता

मागणीचा सिद्धांत शिकवताना प्रस्तुत लेखक अनेकदा चित्रपटांची उदाहरणे देतो. कारण गव्हाच्या भावाविषयी मौन पाळणारा विद्यार्थीही चित्रपटाविषयी हिरिरीने बोलतो. अलीकडे मात्र एक फरक जाणवू लागला आहे. 'हे गाणे तुला का आवडते?' असे विचारले की पूर्वी चाल, आवाज, शब्द यांपैकी कशाचा तरी उल्लेख होत असे. आता पुष्कळदा 'सर, कोट्यवधी लोकांनी ते पाहिले आहे' असे उत्तर येते. आवडीचे कारण विचारावे, तर आवडणाऱ्यांची संख्या सांगितली जाते. ही गोष्ट वाटते तितकी क्षुल्लक नाही.

चित्रपटगीतांच्या चाहत्याला आपल्या सुशिक्षित समाजाने फारसा मान कधी दिला नाही. १९५२ साली डॉ. बा. वि. केसकर नभोवाणीमंत्री झाले. अभिजात संगीतावरील त्यांची निष्ठा वादातीत होती. पण त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. जनतेने काय ऐकावे हे राज्यकर्त्यांनी ठरवावे, असा हा विचार होता. श्रोत्यांनी त्याला सभा-मोर्चांनी उत्तर दिले नाही. त्यांनी केवळ रेडिओचा काटा फिरवून सिलोन लावले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तेथे 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि अमीन सायानी यांचा आवाज घरोघरी पोहोचला. अखेर १९५७ साली आकाशवाणीला 'विविध भारती' सुरू करावी लागली. सामान्य रसिकाच्या मताने शासनाला नमवल्याचे हे दुर्मिळ उदाहरण होय.

त्या मतामागे थोडी तोशीस असे. आज झारखंडात असलेल्या झुमरी तिलैया या अभ्रकाच्या गावातून फर्माइशींची इतकी पत्रे जात की ते नाव देशभर ठाऊक झाले. पत्र विकत घ्यायचे, लिहायचे, पेटीत टाकायचे आणि वाट पाहायची. पसंतीसाठी माणूस काही खर्च करतो तेव्हा ती पसंती अधिक विश्वसनीय ठरते, असे आमचे शास्त्र सांगते.

यावर कोणी विचारील की 'गीतमाले'तही क्रमांक होतेच ना? होते. तबकड्यांची विक्री आणि श्रोतासंघांची पसंती यांवरून ते ठरत, आणि त्यांच्या प्रभावाने गाणी गाजतही असत. परंतु तो क्रम आठवड्यातून एकदा कानी पडे आणि त्यावर पुढे आठवडाभर वाद चाले. आज मात्र प्रत्येक गाण्याच्या कपाळी आकडा चिकटलेला असतो, आणि पुढे काय समोर यावे हे ठरवणारी यंत्रेही अशा आकड्यांचा आधार घेतात. गर्दी जिकडे, वाट तिकडेच, असा हा प्रकार आहे.

केन्स यांनी १९३६ सालच्या आपल्या ग्रंथात शेअरबाजाराला वर्तमानपत्रातील एका सौंदर्यस्पर्धेची उपमा दिली होती. शंभर छायाचित्रांतून सहा सुंदर चेहरे निवडायचे. पण ज्याची निवड सर्वांच्या सरासरी पसंतीशी जुळेल त्याला बक्षीस. अशा वेळी स्पर्धक स्वतःला कोण आवडते हे न पाहता इतरांना कोण आवडेल याचाच अंदाज बांधू लागतो. आज चाहताही नकळत असाच स्पर्धक होऊ पाहत आहे.

याला प्रयोगाचा आधार आहे. अमेरिकेतील सालगनिक, डॉड्स आणि वॉट्स या संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चौदा हजारांवर लोकांना अपरिचित वादकसंचांची ४८ गाणी ऐकवली. काहींना इतरांच्या पसंतीचे आकडे दाखवले, काहींना दाखवले नाहीत. जेथे आकडे दिसत होते तेथे यशातील विषमता वाढली आणि कोणते गाणे गाजेल हेही अधिक अनिश्चित झाले. अत्युत्तम गाणी सहसा पडली नाहीत, अगदी सुमार सहसा वर आली नाहीत. पण मधल्या साऱ्यांचे भवितव्य बव्हंशी योगायोगावर सोपवले गेले.

चित्रपटांचीही तीच कथा. १९७५ च्या ऑगस्टमध्ये 'शोले' प्रदर्शित झाला तेव्हा आरंभीचे स्वागत थंडेच होते. पाहून आलेल्यांनी इतरांना सांगितले आणि पुढे मुंबईच्या 'मिनर्व्हा'त तो पाच वर्षांवर चालला. त्या काळी रसिकाच्या मताला गावभर फिरायला अवधी मिळे. आता पहिल्या तीन दिवसांच्या गल्ल्यावर निकाल लागतो आणि तोंडी शिफारस पोहोचेपर्यंत चित्रपटगृहाबाहेरचा फलक बदललेला असतो.

यावर कायद्याचा इलाज सुचवण्यात अर्थ नाही. केसकरांच्या अनुभवाने तेवढे शिकवले आहे. इलाज रसिकाच्याच हाती आहे. प्रस्तुत लेखकाने यंदा वर्गात एक छोटा उपक्रम केला. आवडत्या गाण्यावर पानभर लिहा. मात्र ते किती जणांनी ऐकले याचा उल्लेख नको. पहिल्या दिवशी निम्मी पाने कोरी आली. तिसऱ्या आठवड्यात एका मुलीने आजीच्या रेडिओवर ऐकलेल्या एका गाण्याविषयी लिहिले. त्यावर वर्गात तासभर कडाक्याचा वाद झाला आणि त्यात एकदाही आकडा आला नाही. शासनाने लादलेली आवड नाकारणाऱ्या पिढीच्या नातवंडांनी गर्दीने लादलेली आवड निमूटपणे का स्वीकारावी? आकडे बाजार पुरवीलच. कारणे मात्र ज्याची त्यानेच द्यावयाची असतात.