लहान दुर्बिणीतून मित्र तारा

आकाशाच्या अभ्यासास मोठी वेधशाळाच हवी, असा अनेकांचा समज असतो. तो बरोबर नाही. सहा सेंटीमीटर व्यासाच्या भिंगाची, सहज उचलून गच्चीवर नेता येणारी दुर्बीणही पुष्कळ काही दाखविते. मात्र कोठून काय पाहावे, हे ठाऊक असले पाहिजे.

बेंगळुरूचेच उदाहरण घेऊ. शहरातील दिव्यांच्या उजेडात अंधुक तेजोमेघ लोपून जातात. पण चंद्र, ग्रह आणि ठळक जोडतारे यांस त्याची फारशी बाधा होत नाही. शिवाय हे नगर 13 उत्तर अक्षांशावर असल्यामुळे ध्रुवतारा येथे क्षितिजापासून जेमतेम 13 अंश उंच असतो, आणि त्याच मानाने दक्षिणेचे आकाश अधिक उघडे होते. लंडनहून कधीही न दिसणारा मित्र तारा मुंबईहून 10 अंश, तर बेंगळुरूहून 16 अंश वर येतो.

नुसत्या डोळ्यांना मित्र एकच तारा भासतो. 1689 च्या डिसेंबरात पुदुच्चेरी येथे फादर रिशो एका धूमकेतूचे निरीक्षण करीत असता, दुर्बिणीतून तो दुहेरी असल्याचे त्यांना आढळले. त्या काळी रंगदोष टाळणारी भिंगे निघालीही नव्हती. पुदुच्चेरी व बेंगळुरू यांच्या अक्षांशांत फक्त एका अंशाचे अंतर आहे. रिशोंचा शोध येथील गच्चीवरून कोणासही पडताळून पाहता येतो.

मेअखेरीस, आकाश निरभ्र असल्यास, रात्री साडेदहाच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करावे. हात लांब करून धरलेल्या दीड मुठीएवढ्या उंचीवर दोन तेजस्वी तारे दिसतील. त्यांपैकी डावीकडील मित्र, उजवीकडील मित्रक. त्याच्याही उजवीकडे त्रिशंकू. दुर्बीण अर्धा तास आधी उघड्यावर ठेवावी, म्हणजे नळीतील हवा थंड होऊन प्रतिमा स्थिर होते. तिवई भक्कम असावी. नळीचे नाभीय अंतर 700 मिलिमीटर आणि नेत्रभिंगाचे 10 मिलिमीटर असल्यास वर्धन 70 पट मिळते, तेवढे पुरे. दिवसा दुर्बीण सूर्याकडे कदापि रोखू नये. दृष्टी कायमची जाईल.

हे दोन सूर्य सुमारे 80 वर्षांत परस्परांभोवती एक फेरी पुरी करतात. 2016 च्या सुमारास त्यांच्यातील अंतर अवघे 4 विकला दिसत होते. त्यानंतर ते वाढत गेले. दरवर्षी त्याच महिन्यात या जोडीचे चित्र वहीत काढून तारीख घालावी. काही वर्षांनी ती चित्रे शेजारी ठेवली, की ताऱ्यांची गती विद्यार्थ्यास स्वतःच्या नोंदींतूनच प्रत्ययास येईल.